गाळ काढायचं काम पूरग्रस्त मजुरांनाच द्या, पण अंगावर देऊ नका

पूर ओसरल्यावर घरांत साचलेला गाळ काढायला "शिरोळकडच्या (कोल्हापूर जिल्ह्यातल्या) मजुरांना काम उक्तं द्या, रोख पैसे द्या" असं कुणीतरी सुचवलंय. उक्तं किंवा अंगावर म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम आधी ठरवून. काम त्यांनाच द्यावं, पण उक्तं नको. दहा बाय दहाच्या खोलीत फूटभर गाळ म्हणजे बरोबर एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. ओला असताना साडेचार-पाच टन भरतो. पंधरा किलोच्या घमेल्यानं तीनशेवर खेपा होतात, त्याही निसरड्या उंबऱ्यावरून. हा हिशेब न करता अंगावर घेतलं की दुसऱ्या दिवशी माणसं येत नाहीत.

ब्रासच्या मापावरच मजुरी द्यायची असेल तर माप पहिल्याच दिवशी, चारही कोपऱ्यांत काठी खुपसून घ्या. ऊन पडलं की गाळ आकसून भेगाळतो, मग माप कमी भरतं आणि भांडणं मजुराच्या माथी. शिवाय वाळलेला गाळ कुदळीशिवाय निघत नाही. ओला असतानाच फावड्यानं ओढून घ्यावा.

आत शिरायच्या आधी मेन स्विच बंद. गमबूट आणि रबरी हातमोजे मालकानं द्यायचे, मजुरीतून कापायचे नाहीत. पायाला जखम असलेल्याला पाण्यात उतरवू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका असतो. त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्यांचं आरोग्य केंद्रात विचारून घ्या. कोपऱ्यातली अडगळ आधी काठीनं हलवा, साप असतात.

पासबुकं वाहून गेलेली असतात. त्यामुळं मजुरी रोजच्या रोज रोख, वहीत सही किंवा अंगठा घेऊन. मुकादमाच्या हातात एकगठ्ठा तर नकोच.