लष्कराने नेलेल्या ब्लॉगरने अटी उघड कराव्यात का?

दादरकर
लष्कराने नेलं, राहायची सोय केली, अधिकाऱ्यांशी गाठ घालून दिली, तर ब्लॉगरने किंवा यूट्यूबरने ते सुरुवातीलाच सांगावं. कोणी नेलं, कुठे जाऊ दिलं नाही, छापण्याआधी मजकूर कोणी पाहिला. डिस्क्रिप्शनच्या तळाशी टाकलेली ओळ कोणी वाचत नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या जॉइंट स्पेशल ऑपरेशन्स युनिव्हर्सिटीच्या एका अभ्यासात नावाजलेले ब्लॉगर गुपचूप हाताशी धरावेत, हा पर्याय चक्क मांडला होता. मग वाचकाने संशय घेतला तर त्याचं काय चुकलं?

नेव्हीनगर
संशय घ्या, पण मुंबईत बसून २६/११ विसरू नका. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना सगळ्या देशाने थेट पाहिले, आणि सीमेपलीकडून फोनवर सूचना देणाऱ्यांनीही टीव्ही लावलेला होता. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांना याबद्दल खडसावलं. आता केबल टीव्ही नियमांनुसार दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण बंद. नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच. मे २०२५ मध्ये वाहिन्यांनी बातम्यांतच कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं होतं. लष्कराच्या ब्रीफिंगमध्ये तसा दावा कुठेच नव्हता. त्या रात्री जास्त जबाबदारीने कोण बोललं, सांगा.

दादरकर
ब्रीफिंग, हे मान्य. पण ठिकाण लपवणं आणि मत पेरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००३ मध्ये इराकला तुकड्यांसोबत गेलेल्या पत्रकारांसाठी लेखी नियम होते: सैन्याची नेमकी संख्या, ठिकाण, पुढची मोहीम सांगायची नाही; मृत जवानाचं नाव घरी कळवेपर्यंत किंवा ७२ तास थांबवायचं. फॉक्स न्यूजच्या हेराल्डो रिव्हेराने कॅमेऱ्यासमोर वाळूत नकाशा काढून तुकडी कुठे आहे ते दाखवलं, आणि त्याला तिथून निघावं लागलं. हे योग्यच झालं. पण २००५ मध्ये जे उघडकीला आलं त्याचं काय? लिंकन ग्रुप नावाचा कंत्राटदार अमेरिकन सैनिकांनी लिहिलेला मजकूर अरबीत करून, पैसे मोजून बगदादच्या वृत्तपत्रांत छापून आणत होता, तोही स्थानिक बातमी म्हणून. त्यात कोणाचा जीव वाचला?

गिरगाव
तुम्ही दोघेही पैसे आणि नियम यांतच अडकलात. खरा दाब प्रवेशाचा असतो. आज टोचणारं लिहिलं तर पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. २००९ मध्ये रेंडन ग्रुप ही अमेरिकन लष्कराने नेमलेली जनसंपर्क कंपनी अफगाणिस्तानात येऊ इच्छिणाऱ्या पत्रकारांचं आधीचं लिखाण अनुकूल, तटस्थ, प्रतिकूल असं तोलत असल्याचं बाहेर आलं. हे 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'ने छापलं, आणि ते अमेरिकन सैन्यासाठीच निघणारं दैनिक आहे! त्यामुळे नुसत्या कबुलीने भागत नाही. जे दाखवलं गेलं ते बाहेरून तपासून घ्या.

नेव्हीनगर
बाहेरून म्हणजे कसं? घरी बसून?

गिरगाव
बरंचसं, हो. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मूळ माहिती गळते. म्हणून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. दोन-चार फ्रेम काढून उलट शोध घ्या, म्हणजे तेच चित्र नेटवर आधी कुठे आलंय ते पाहा. जुनी दृश्यं आणि व्हिडिओ गेममधली दृश्यं तिथेच सापडतात. मग सावलीची दिशा आणि सांगितलेली वेळ जुळते का ते पाहा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची फुकट चित्रं साधारण पाच दिवसांनी मिळतात, पण एक ठिपका १० मीटरचा. २६२ मीटरची विक्रांत जेमतेम २६ ठिपक्यांत मावते: धक्क्याला आहे की नाही कळेल, डेकवर काय चाललंय ते नाही. पावसाळ्यात तर मुंबईवर ढगच दिसतात.

नेव्हीनगर
म्हणजे जहाज धक्क्यावरून हललंय हे तुम्ही जगाला सांगणार. मला नेमकं तेच नको आहे.

दादरकर
तपासा लगेच, छापा उशिरा. किती दिवस थांबलात तेही बातमीत लिहा.