मदत हवी आहे : होमपॉडच्या उशिराबद्दल

नमस्कार मंडळी. मार्केटिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एक केस तयार करतेय : बाजारात उशिरा आलेली महागडी वस्तू टिकते का? उदाहरण घेतलंय ॲपलच्या होमपॉडचं, म्हणजे बोलून चालवायच्या स्मार्ट स्पीकरचं.

ॲमेझॉनचा असाच स्पीकर एको २०१४ मध्ये आला, गूगल होम २०१६ मध्ये. होमपॉड दुकानात पोचला फेब्रुवारी २०१८ मध्ये, तोही ३४९ डॉलरना. आवाज उत्तम, सात ट्वीटर (बारीक, उंच सुरांसाठी), एक वूफर (खालच्या सुरांसाठी), खोलीनुसार स्वतःला जुळवून घेणारा. पण सिरीला (ॲपलच्या आवाजी मदतनीसाला) सांगून स्पॉटिफायवरची गाणी लावता येत नव्हती, आणि अँड्रॉइडवाल्यांच्या तो कामाचाच नव्हता. २०१९ मध्ये किंमत २९९ वर आली, २०२१ मध्ये हे मूळ, मोठं मॉडेल बंद झालं. मग २०२३ मध्ये तेच नव्या रूपात परत! माझी केस नेमकी इथेच अडते. याला अपयश म्हणायचं कसं?

माझ्या मते दोष उशिराचा नाहीच. आयपॉडही उशिराच आला होता, तरी चालला. लोकांना घरात स्वस्त मदतनीस हवा होता आणि कंपनीने विकला महाग स्पीकर, असं मला वाटतं. ९९ डॉलरचा छोटा होमपॉड मिनी या महागड्या स्पीकरनंतरच, २०२० मध्ये आला, हे मला फार बोलकं वाटतं.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये त्या काळात राहणाऱ्यांनी कृपया सांगा : घरात एको असताना होमपॉड घेतलात का? कशासाठी? आणि घ्यायचा टाळला असेल तर किंमत आड आली की सिरी? भारतात मिनी वापरणाऱ्यांचे अनुभवही हवेत. नाव न देता वर्गात वापरले तर चालतील ना, तेवढं जरूर लिहा.