मदत हवी आहे: रूममेटच्या उलट्या थांबतच नाहीयेत

भाडेकरू_पुणे: लवकर सांगा प्लीज. रूममेटला कालपासून उलट्या चालूयत, पाणीपण टिकत नाहीये, उलटीच्या गोळीने शून्य फरक. मागेपण असंच झालेलं तेव्हा सोनोग्राफी एंडोस्कोपी सगळं नॉर्मल, अ‍ॅसिडिटी म्हणून घरी पाठवलं. कढत पाण्याने आंघोळ केली की बरं वाटतं म्हणून सारखा बाथरूममध्ये, घरमालक बोंबलतोय. कुठली गोळी देऊ?

सातारकर_खवय्या: मेसचं खाता ना? भातात सोडा टाकतात ते. कोकम सरबत द्या, दुसरं काही नको.

नर्सताई: वय काय? ताप, जुलाब? लघवी होतेय का? दारू घेतो?

भाडेकरू_पुणे: २४. ताप जुलाब काही नाही, दारूला शिवतपण नाही. लघवी सकाळी जराशी, एकदम पिवळी.

जुना_प्लंबर: गिझर गॅसचा आहे का? बाथरूमच्या आत असेल तर खिडकी उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडने माणूस आतच आडवा होतो.

नर्सताई: दारू नाही. मग गांजा?

भाडेकरू_पुणे: हो ते आहे की, कॉलेजपासून रोजचंच. त्याचा काय संबंध? उलट मळमळलं की जॉइंट मारतो, तेवढंच बरं वाटतं त्याला.

नर्सताई: अरे मग हे आधी सांगायचं ना! वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांपैकी काहींना असंच होतं, उलट्यांचे झटके येतात आणि कढत पाण्याखालीच तेवढा आराम पडतो. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लिहिलं. नेहमीच्या उलटीच्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही, आणि त्या आंघोळीत घाम जाऊन अंगातलं पाणी अजून कमी होतं. लघवी कमी झालीये म्हणजे आजच कॅज्युअल्टीत न्या, सलाईन लागेल, रक्तात क्रिएटिनिन (किडनी ठीक आहे का ते कळतं) आणि पोटॅशियम बघतील. दुसरं काही कारण नाही ना तेपण तेच ठरवतील, आपण इथे बसून नाही. ओढणं मात्र पूर्ण बंद, नाहीतर परत येणार.

निवांत_बाबा: काहीही! गांज्याने मळमळ थांबते, केमोवाल्यांना देतात. झाडपाल्याने कोणी आजारी पडतं का?

नर्सताई: केमोवाल्यांना कॅप्सूल देतात, डोस मोजून. धोतरापण झाडपालाच आहे, खाऊन बघा.

विदर्भवाला: आमच्याकडे शिवरात्रीला भांग घोटतात बावा, कोणाला काही होत नाही.

कोर्टकचेरी: वर्षातून एकदा आणि रोज यात फरक आहे की नाही? बाय द वे १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं त्यात धरत नाहीत, म्हणून भांग त्यातून सुटते.

भाडेकरू_पुणे: भांग राहू द्या हो!! डॉक्टरला खरं सांगितलं तर पोलीस केस होईल का? तो घाबरतोय, म्हणतो फूड पॉयझनिंग सांगू.

कोर्टकचेरी: डॉक्टर उपचार करतात, एफआयआर लिहीत नाहीत. आणि स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या, थोड्याच मालाची केस असलेल्या व्यसनी माणसाला त्याच कायद्यात कलम ६४अ चं संरक्षण आहे.

नर्सताई: फूड पॉयझनिंग सांगितलं की परत तीच गोळी मिळणार. सोडायला मदत हवी तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच. बाईकवर मागे बसवून नेऊ नका, चक्कर येऊन पडेल.

भाडेकरू_पुणे: रिक्षा बोलावलीये. डॉक्टरला मीच सांगतो.

सातारकर_खवय्या: कोकम सोबत न्या.

जुना_प्लंबर: गिझर कुठला ते सांगितलं नाही अजून.