सेझानची सफरचंदं: नक्की बघायचं काय?

बाळबोध
मंडळी, प्रश्न अगदी बाळबोध आहे, आधीच सांगतो. व्हॅन गॉग मला पोचतो. सूर्यफुलं बघितली की आत काहीतरी हलतं, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. गोगँचे रंगही आवडतात. पण फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचं नाव निघालं की जो तो 'आधुनिक चित्रकलेचा बाप' म्हणून मोकळा होतो आणि मी उत्साहाने बघायला जातो तर काय, सफरचंदं! टेबल, त्यावर चुरगळलेलं पांढरं कापड, सफरचंदं, एखादी बाटली, पुढच्या चित्रात पुन्हा तेच, फक्त बाटलीच्या जागी सुरई.

आत्ता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं 'सफरचंदांची टोपली' मोठं करून बघतोय, १८९३ च्या आसपासचं. बाटली डावीकडे कललीय, टोपली आत्ता पडते की मग अशी, आणि टेबलाची कड कापडाच्या डाव्या बाजूला एका उंचीवर आणि उजवीकडे निघते ती भलत्याच उंचीवर. शाळेत असं स्थिरचित्र काढलं असतं तर सरांनी कागद परत दिला असता. हे मुद्दाम आहे की जमलं नाही म्हणून असं झालंय? आणि मुद्दाम असेल तर त्यात बघायचं काय? निसर्गाकडे 'दंडगोल, गोल, शंकू' या आकारांतून बघा हे त्याचं प्रसिद्ध वाक्य वाचून झालंय, त्याने काही डोक्यात प्रकाश पडला नाही, त्यामुळे कृपया ते नको.

कोरा कॅनव्हास
मुद्दाम आहे. नुसतं मुद्दाम नाही, फार कष्टाने केलेलं आहे. एका तरुण चित्रकाराने सेझानला स्थिरचित्र मांडताना बघितलं होतं आणि त्याने लिहून ठेवलंय की सेझान फळांखाली नाणी सरकवून त्यांना हवं तसं कलतं करायचा, हिरव्याशेजारी तांबडं येईल अशी फिरवाफिरव करायचा, आणि हे सगळं ब्रशला हात लावायच्या आधी. फळाखाली नाणं सरकवणाऱ्या माणसाला टेबलाची कड सरळ काढता आली नाही हे मला तरी पटत नाही.

तू तेच चित्र उघडं ठेव आणि उजवीकडच्या बशीतली बिस्किटं बघ. टोपली नको, सफरचंदं नको, फक्त बिस्किटं. खालच्या थरातली बिस्किटं साधारण समोरून बघितल्यासारखी आहेत आणि वरची दोन जरा वर उचललेली, म्हणजे तू थोडा उभा राहून वाकून बघतोयस अशी. एकाच बशीत दोन उंचीवरचे डोळे. आता टेबलाची कड पुन्हा बघ, तिथेही तेच चाललंय. आपण खरंच टेबलासमोर बसलो की मान हलते, पुढे झुकतो, मागे रेलतो, नजर इकडून तिकडे जाते आणि डोक्यात जे टेबल तयार होतं ते या सगळ्याची बेरीज असते. फोटोतला एक डोळा एका जागी खिळलेला असतो, सेझानचा नाही. दिवसेंदिवस एकच टेबल बघत बसणाऱ्या माणसाने ते बघणंच चित्रात ठेवलंय असं समज.

आणि गंमत म्हणजे एवढं सगळं कललेलं असूनही चित्र पडत नाही. बाटली डावीकडे जाते तर बशी आणि बिस्किटं उजवीकडे वजन धरून ठेवतात, मधे कापडाच्या घड्या सगळं अडवतात. अंगठ्याने ती बाटली झाक आणि बघ उरलेल्या चित्राचं काय होतं ते.

रंगाबद्दल थोडं, कारण माझ्या मते खरी मजा तिथे आहे. सावली करायची म्हणून त्याने काळा मिसळून सफरचंद काळवंडून टाकलेलं नाही. तांबडा, मग केशरी, मग पिवळा, मग हिरवट, असे छोटे छोटे पट्टे शेजारी शेजारी ठेवत गोलाई आणलीय, उबदार रंग पुढे येतो आणि थंड रंग मागे जातो, एवढ्यावर. आणि कडेला निळसर रेघ दिसेल, ती एक नसते, दोन तीन असतात, तुटक, जणू कड नक्की कुठे संपते हे तो अजून तपासतोच आहे. मी स्वतः तैलरंगात एकदा त्याचं एकच सफरचंद उतरवायला बसलो होतो, नुसतं एक, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे एक छान चकचकीत टेनिसचा बॉल तयार होता.

पानगळ
कोरा कॅनव्हास, भारी लिहिलंयस. सफरचंदंच का, याचं साधं उत्तर पण आहे ना, माणूस भयंकर हळू काम करायचा आणि सफरचंद तक्रार करत नाही 😄 तरी फळं सडायचीच, फुलं सुकायची, म्हणून शेवटी कागदाची फुलं वापरायचा.

माणसांचे हाल विचारू नका. आम्ब्रुआझ व्होलार नावाचा पॅरिसचा चित्रविक्रेता, त्याचं व्यक्तिचित्र १८९९ चं आहे. व्होलारनेच पुढे लिहिलं की एकशे पंधरा वेळा बसवलं, एकदा डुलकी लागून खाली पडलो तर सेझान ओरडला की सफरचंदासारखं बसायला सांगितलं होतं, सफरचंद हलतं का कधी? आणि एवढं होऊन चित्र अर्धवट सोडून दिलं, म्हणे शर्टाचा पुढचा भाग बरा जमलाय. (व्होलार गोष्ट रंगवून सांगणाऱ्यातला होता, तेव्हा आकडा जरा सांभाळून घ्या.) पण हा व्होलार नसता तर सेझान बाहेर आलाच नसता बहुतेक. १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट (म्हणजे क्षणाचा प्रकाश रंगात पकडू पाहणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात त्याची चित्रं होती, १८७७ च्याही होती, लोकांनी यथेच्छ टिंगल केली, मग हा गडी आपल्या गावाला, एक्स-आं-प्रोव्हान्सला, जाऊन बसला. १८९५ मध्ये व्होलारने पहिलं एकट्याचं प्रदर्शन भरवलं तेव्हा सेझान छप्पन वर्षांचा होता. बाप आधी टोप्यांचा धंदा करणारा, नंतर बँकवाला, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती एवढं नशीब, नाहीतर इतक्या हळू कोण रंगवणार.

बायकोची, ऑर्तांसची, तैलरंगातलीच तिसेक व्यक्तिचित्रं आहेत, तीही बघ बाळबोध. बाई एकातही हसत नाही. लोक त्यावरून त्यांच्या संसाराचे निष्कर्ष काढतात, मला वाटतं बिचारी बसून बसून कंटाळली असेल.

तिरकस
मी जरा दुसरी बाजू मांडतो. वरचं सगळं मान्य, पण एखादं चित्र आवडायला इतका खुलासा लागत असेल तर बाळबोधचं काय चुकलं? मला सेझान अजूनही कोरडाच वाटतो. आणि ते 'द लार्ज बेदर्स', म्हणजे स्नान करणाऱ्या बायकांचं मोठं चित्र, फिलाडेल्फियाच्या म्युझियममधलं, अडीच मीटर रुंद, सात वर्षं खपला त्यावर, मरेपर्यंत पूर्ण झालं नाही. त्या बायका आहेत की झाडांचे बुंधे? मांड्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात पत्ता नाही. इथेही 'बघणंच चित्रात ठेवलंय' म्हणणार का, कारण समोर मॉडेल बसवायचाच नाही तो, जुन्या रेखाटनांवरून आणि लूव्हरमधे काढलेल्या नकलांवरून रचायचा. मग बघितलं कुठे?

'पत्ते खेळणारे' मात्र सोडून. त्याला माझा सलाम. पॅरिसला ऑर्से म्युझियममधे आहे ते दोघांचं, आकाराने अगदी लहान आहे, पन्नास-साठ सेंटीमीटरच्या आतलं, हे समोर गेल्याशिवाय कळत नाही कारण छापील फोटोत ते डोंगराएवढं वाटतं. डावीकडचा पाइप तोंडात धरून ताठ बसलाय, उजवीकडचा पुढे झुकलाय, मधे बाटली. टेबलावर पैसे नाहीत, दारूडा गोंधळ नाही, कोणी फसवत नाही. त्याच्या आधीच्या चित्रकारांनी पत्त्यांचा डाव काढला की भांडण आलंच. इथे दोन शेतमजूर, त्याच्या वडलांच्याच इस्टेटीवरचे, आपापली पानं बघतायत, बस. अशी पाच चित्रं आहेत त्या मालिकेत, त्यातलं एक कतारच्या राजघराण्याने पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास घेतल्याच्या बातम्या होत्या.

डोंगरयात्री
तिरकस, बेदर्सबद्दल वाद घालत नाही, पण एक सांगतो. आंरी मातीस या चित्रकाराने १८९९ मध्ये व्होलारकडून सेझानचं एक छोटं 'तीन स्नान करणाऱ्या' घेतलं, खिशात दमडी नसताना, आणि १९३६ पर्यंत विकलं नाही, शेवटी पॅरिसच्या पेटी पॅलेला भेट देऊन टाकलं. मधल्या काळात त्याचे अगदी वाईट दिवस होते. म्हणजे चित्रकारांना त्यात काहीतरी दिसत होतं जे तुला मला लगेच दिसत नाही. झाडांचे बुंधे म्हणालास ते तर बरोबरच आहे रे, फिलाडेल्फियाच्या चित्रात वर झाडं दोन्हीकडून झुकून कमान करतात आणि बायकांची शरीरंही त्याच तिरक्या रेषेत आहेत. त्याला बायका काढायच्याच नव्हत्या, ती कमान उभी करायची होती.

बाळबोध, तू सफरचंदं जरा बाजूला ठेव आणि माँ सेंत-व्हिक्त्वार डोंगराची चित्रं लाव, वर्षाच्या क्रमाने. एक्सच्या पूर्वेला हा डोंगर आहे, हजार मीटरच्या थोडा वर, आणि सेझानने तैलरंग, जलरंग धरून ऐंशीच्या वर वेळा काढलाय. आधी लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीतलं १८८७ च्या सुमाराचं बघ, पुढे मोठा पाइन आहे ते. फांदी आणि डोंगराची कड बघ. फांदी जवळ आहे, डोंगर कोसभर लांब, आणि तरी फांदी डोंगराच्या कडेला समांतर वळत जाते, चिकटून चिकटून. मग थेट १९०२ ते १९०६ मधली, ले लोव्हच्या टेकडीवरून काढलेली. तिथे त्याने स्टुडिओ बांधला होता, अजून आहे. आता शेतं गेली, घरं गेली, नुसते हिरवे, गेरूसारखे, निळे चौकोनी ठिपके उरलेत, काही ठिकाणी कॅनव्हास कोरा सोडलाय, आणि आकाशातही खालच्या झाडांचा हिरवा आलाय. जवळून बघितलं तर काहीच नाही, चार पावलं मागे गेलं की डोंगर उभा. १९०७ मध्ये पॅरिसच्या सालों दोतोनमधे, म्हणजे दरवर्षीच्या शरद ऋतूतल्या प्रदर्शनात, त्याची मोठी प्रदर्शनी झाली, तो गेल्यानंतर वर्षभराने, आणि पिकासो, ब्राक वगैरे मंडळी पुढे घनवादात (क्युबिझममधे, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडण्याच्या शैलीत) शिरली ती हे सगळं बघून.

शेवटही डोंगराच्याच नादात. ऑक्टोबर १९०६, बाहेर रंगवत असताना वादळी पावसात सापडला, कोसळला, काही दिवसांत गेला. वय सदुसष्ट.

बाळबोध
अंगठ्याने बाटली झाकून बघितली. चित्र उजवीकडे घसरायला लागलं राव! हे मला एकट्याला दिसलं नसतं. आणि बिस्किटांचं तर आता दिसतंच, न दिसायचं नाव घेत नाही.

डोंगराच्या शेवटच्या चित्रांनी मात्र गोंधळ वाढवला, तो कोरा सोडलेला कॅनव्हास म्हणजे चित्र अपुरं राहिलं की तिथेच थांबायचं ठरवलं? आणि तिरकस, बेदर्स मलाही नाही झेपलं, तू एकटा नाहीस.

कोरा कॅनव्हास
दोन्ही. काही खरंच अर्धवट आहेत. पण त्याचा एक ठिपका चुकला की शेजारचे सगळे बदलावे लागायचे, त्यामुळे रंगाची खात्री नसेल तर तो जागा रिकामी ठेवायचा. व्होलारच्या त्या व्यक्तिचित्रात हातावर दोन बारीक जागा अशाच कोऱ्या आहेत. व्होलारने भरून टाका म्हटलं तर उत्तर मिळालं की तिथे काहीतरी उगाच लावलं तर त्या जागेपासून सगळं चित्र पुन्हा करावं लागेल. व्होलार परत बोलला नाही, अजून शंभर वेळा बसायची तयारी नसेल त्याची.

आता जलरंग बघ त्याचे. तिथे कागद जास्त आणि रंग कमी असतो, मग तैलचित्रातल्या कोऱ्या जागा आपोआप कळतील.

तिरकस
जलरंग बघतो मी पण. बेदर्सवर मात्र मी ठाम आहे, कमान उभी करायची होती तर कमानच काढायची होती की, बायकांना कशाला मधे घेतलं.