सहा वर्षांच्या लेकीसाठी जुना टॅबलेट कसा सुरक्षित करावा?

नमस्कार मंडळी,

माझ्या भावाने नवा टॅबलेट घेतला आणि जुना माझ्या लेकीला देऊन टाकला. अँड्रॉइडचा आहे, चालतोही छान. लेक सहा वर्षांची. दिवसा ती आजी-आजोबांजवळ असते, आम्ही दोघे संध्याकाळी घरी येतो. टॅब तिच्या हातात जायच्या आत नीट तयार करून ठेवायचा आहे.

द्यावा की देऊ नये, ही चर्चा कृपया इथे नको. आजीचा फोन तिच्या हाती जातोच आणि त्यावर कसलाही बंदोबस्त नाही. त्यापेक्षा तिच्यासाठी मुद्दाम बेतून दिलेला टॅब बरा, असे घरात सगळ्यांचे ठरले आहे.

मला धास्ती कसली आहे ते सांगते. मागे एका सुट्टीच्या दिवशी ती आजीच्या फोनवर चित्रे कशी काढायची ते बघत होती. हत्ती, ससा, मासा. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. थोड्या वेळाने मी डोकावले, तर पडद्यावर तिच्या ओळखीची कार्टूनमधली बाहुली. पण डोळ्यांच्या जागी काळी भोके आणि हातात सुरी. ही गप्प बसून बघत होती. रडली नाही, हाकही मारली नाही. रात्री मात्र दिवा मालवू देईना.

तर माझे प्रश्न असे. टॅबवर अजून भावाचे खाते आहे. ते काढून माझे घालू, की तिचे वेगळे उघडू? व्हिडिओ दाखवायचेच झाले तर कशावर? खेळता खेळता कुठेतरी बोट लागून खरेदी झाली तर? आणि आजोबांना जमेल इतके सोपे काय करता येईल?

जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आधी भावालाच त्याचे खाते सेटिंगमध्ये जाऊन काढायला सांगा, मग फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे टॅब नव्यासारखा कोरा करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. खाते न काढता बटणे दाबून रीसेट मारला, तर टॅब पुन्हा सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तिथेच अडकून बसतो. चोरीला गेलेला टॅब कुणाला वापरता येऊ नये म्हणून ती सोय आहे.

तुमचे खाते मुळीच घालू नका. तुमची मेल, फोटो, साठवलेले कार्ड, सगळे तिच्या बोटाखाली येईल. गूगलचे फॅमिली लिंक ॲप तुमच्या फोनवर घ्या आणि त्यातून तिचे खाते उघडा. जन्मतारीख खरी घाला. वय वाढवून घातले की लहान मुलांसाठीची बंधने लागूच होत नाहीत. टॅबवर तिचे एकटीचेच खाते ठेवा.

त्यानंतर कोणतेही नवे ॲप तुमच्या मंजुरीशिवाय उतरत नाही. प्ले स्टोअरच्या खरेदीसाठीही सगळ्याला मंजुरी लागेल असाच पर्याय निवडा, खेळाच्या आतली खरेदी त्यात येते. क्रोममध्ये 'फक्त मंजूर साइट' करा. अश्लील साइट अडवण्याचा दुसरा पर्याय आहे, पण त्यातून काहीबाही निसटते. सहा वर्षांच्या मुलीला मोजक्या साइट पुरतात.

व्हिडिओसाठी यूट्यूब किड्स. त्यात वयाचे गट आहेत, ५ ते ८ चा तुमच्या लेकीला लागू होईल. पण मी तो गटही घेणार नाही. त्यातली निवड बरीचशी यंत्र करते, आणि तुम्ही पाहिलीत तसली बाहुली कधीतरी चुकवून आत येऊ शकते. 'फक्त मंजूर केलेले' असा पर्याय आहे, तो घ्या. चॅनेल आणि व्हिडिओ तुम्ही निवडायचे, शोधायची सोय आपोआप बंद होते. पहिल्यांदा निवडून ठेवायला वेळ जातो, पण मला हा एकच पर्याय भरवशाचा वाटतो. ऑटोप्ले (एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणे) बंद आहे ना, तेही बघून घ्या.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आजोबांसाठी ॲप पिनिंग दाखवून ठेवा. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ते चालू करायचे आणि 'बाहेर पडताना पिन विचारा' हेही चालू करायचे. मग गोष्टींचे ॲप उघडून पिन केले की पोरीला त्यातून बाहेर पडता येत नाही. आयपॅडवर हेच गाइडेड ॲक्सेस नावाने आहे, बटण तीनदा दाबले की चालू. माझ्या वडिलांना बाकी कुठलीच सेटिंग जमत नाही, हे मात्र ते रोज करतात.

प्रतिसाद

टॅब जुना आहे म्हणता, तर सिक्युरिटी अपडेटची तारीख बघाच. अपडेट थांबून वर्षे झाली असतील तर तो इंटरनेटला कमीत कमी जोडावा. गोष्टी, गाणी, चित्रांचे ॲप आधी उतरवून घ्या आणि वाय-फाय बंद करूनच हातात द्या. आमच्याकडे हेच चालते. शिवाय राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ घातला आहे. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा अश्लील आणि घातक साइट घरातल्या सगळ्याच यंत्रांवर अडवते. आजीचा फोनही घरच्या वाय-फायवर असेल तर तोही त्यात आला. मात्र एखाद्या ॲपच्या आतला नकोसा व्हिडिओ यातून थांबत नाही.

ज्या खेळात अनोळखी माणसांशी गप्पा मारता येतात, तो मंजूरच करू नका.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तुमची लेक घाबरली आणि गप्प राहिली, हे वाचून जास्त वाईट वाटले. तिला करायला काहीतरी शिकवा. आम्ही मुलाला सांगितले आहे : नको ते दिसले की टॅब पालथा घालायचा आणि मोठ्याला हाक मारायची, कुणी रागावणार नाही. आणि खरेच रागवायचे नाही, टॅब काढूनही घ्यायचा नाही. काढून घेतला की मूल पुढच्या वेळी सांगत नाही. मुद्दाम बसवून दोन-चारदा पालथा घालायचा सराव केला, त्याला तो खेळच वाटला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पालथा घालण्याचे आजच शिकवते. भावाला खात्याचे सांगितले आहे.

दोन शंका राहिल्या. दिवसाला किती वेळ ठेवावा? आणि मी ठरवलेला वेळ संपला, टॅब बंद पडला आणि गोष्ट अर्धवट राहिली, तर आजोबांना माझ्या फोनशिवाय तो उघडता येईल का? कामात असताना मला लगेच बघता येत नाही.

प्रतिसाद

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. तुमची मुलगी त्याहून मोठी आहे, पण सुरुवात तासाच्या आतच करा. वाढवणे सोपे, कमी करायला गेले की रडारड.

आजोबांना एकट्याने नाही उघडता येणार. तुम्ही तुमच्या फोनवरून त्या दिवसापुरता जादा वेळ देऊ शकता, किंवा फॅमिली लिंकमधला पालकांचा कोड त्यांना फोनवर सांगू शकता. तो कोड थोड्या वेळाने बदलतो, त्यामुळे लेकीने ऐकला तरी बिघडत नाही. तुमच्या यजमानांनाही फॅमिली ग्रुपमध्ये पालक म्हणून घ्या, म्हणजे दोघांपैकी जो मोकळा असेल तो देईल.