समांतर रेषांनी कापलेल्या त्रिकोणाच्या पट्ट्या अंकगणिती श्रेढीत का येतात?

प्रश्न
दहावीच्या एका विद्यार्थिनीला मी पुढील उदाहरण दिले होते. त्रिकोण अबक चे क्षेत्रफळ १०० चौसेमी आहे. बाजू अब चे पाच समान भाग करून प्रत्येक विभाजनबिंदूतून बाजू बक ला समांतर रेषा काढली, तर अ कडून चौथ्या पट्टीचे क्षेत्रफळ किती? तिने १०० ला ५ ने भागून २० हे उत्तर काढले. ते चूक असल्याचे तिला आकृती पाहताच पटले. मात्र ४, १२, २०, २८, ३६ ही क्षेत्रफळे मिळाल्यावर ती अंकगणिती श्रेढीतच, म्हणजे दर वेळी सारख्याच फरकाने वाढत, का येतात, असे तिने विचारले. हे कसे समजावून सांगावे?

उत्तर १
समांतर रेषांमुळे संगत कोन समान होतात, म्हणून वरचा प्रत्येक त्रिकोण कोको (कोन-कोन) कसोटीनुसार त्रिकोण अबक शी समरूप असतो. संगत बाजूंची गुणोत्तरे १:२:३:४:५, म्हणून क्षेत्रफळांची, म्हणजे बाजूंच्या वर्गांची, १:४:९:१६:२५. पट्टी म्हणजे लगतच्या दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांतील फरक. म्हणून पट्ट्यांची गुणोत्तरे १:३:५:७:९, आणि १०० चे २५ भाग केल्यास एक भाग ४ चौसेमी. चौथी पट्टी समलंब चौकोन आहे, हे मुलांकडून आवर्जून वदवून घ्यावे. एरवी पुष्कळ जण ६४ लिहून मोकळे होतात आणि ते तर वरच्या चारही पट्ट्यांचे मिळून क्षेत्रफळ असते.

उत्तर २
वरील रीत बरोबर आहे, पण मुलीच्या ‘का’ला उत्तर आकृतीतच मिळते. बाजू अक चेही पाच समान भाग करून अब आणि अक यांना समांतर रेषा काढल्या, की प्रत्येकी ४ चौसेमीचे २५ एकरूप त्रिकोण तयार होतात. पहिल्या पट्टीत एक त्रिकोण असतो, दुसरीत तीन. पुढच्या प्रत्येक पट्टीत एक सुलटा आणि एक उलटा असे दोन त्रिकोण वाढतात, आणि त्या दोघांचे ८ चौसेमी हाच श्रेढीचा सामान्य फरक.

उत्तर ३
तिचे २० टाकून देऊ नका; ती पाचही पट्ट्यांची सरासरी आहे, आणि पदांची संख्या विषम असल्यामुळे तीच मधल्या पट्टीचे क्षेत्रफळही आहे. दहावीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात श्रेढी आणि सरासरी (मध्य) हे विषय भाग १ मध्ये, समरूपता भाग २ मध्ये, त्यामुळे ही सांगड वर्गात क्वचितच घातली जाते. बक २० सेमी व उंची १० सेमी घेतल्यास चौथ्या पट्टीच्या समांतर बाजू १२ व १६ सेमी येतात. त्यांची सरासरी १४, पट्टीची उंची २, म्हणून २८. यानंतर तिला अब चे चार भाग करायला सांगा. तेव्हा क्षेत्रफळे ६.२५, १८.७५, ३१.२५ आणि ४३.७५ येतात, आणि २५ ही सरासरी कोणत्याच पट्टीत सापडत नाही.