ऑर्थो ओपीडीत फिजिओने आधी तपासायचं: फॉर्म हवा आहे, तातडीने

परळची_खिडकी: गुडघा-पाठवाल्यांचा नंबर तीन आठवड्यांनी लागतोय. आत गेल्यावर निम्म्यांना व्यायामच लिहून मिळतो. म्हणून सोमवारपासून फिजिओ आधी तपासून कोणाला सर्जनकडे पाठवायचं ते ठरवणार. छाननीचा तयार फॉर्म आहे का कुणाकडे? ब्रिटनचाही चालेल.

गुडघेदुखे: फिजिओ कोण? नुकती इंटर्नशिप संपलेली की एमपीटी? एक्स-रेवर सही कोणाची? सर्जन त्या वेळी आवारात असतात का?

परळची_खिडकी: दोघी आहेत, एक एमपीटी ऑर्थो (हाडा-सांध्यांच्या फिजिओथेरपीत मास्टर्स). एक्स-रे तळमजल्यावर. सर्जन मंगळवार-शुक्रवार. फॉर्म द्या ना!

माकडहाड: मग सोमवारी सुरू करूच नका. लघवी अडलीय, बसायच्या जागी बधिर झालंय, दोन्ही पायांत कळा: असा रुग्ण त्याच दिवशी एमआरआय आणि सर्जनपर्यंत पोचायला हवा. कुठे पाठवायचं, फोन कोण उचलणार, हे आधी लिहून ठेवा.

सायनकर: ब्रिटनचा फॉर्म जसाच्या तसा नको. मुंबईत मणक्याचा टीबी आधी डोक्यात हवा. संध्याकाळचा बारीक ताप, घटलेलं वजन, रात्रीही न थांबणारं दुखणं, मणक्यावर टिचकी मारली की कळ. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेवढ्यावर घरी पाठवू नका. ईएसआर (रक्ततपासणी) करा, संशय राहिला तर एमआरआय. बाकी पाठीसाठी पाय सरळ उचलून बघणं, पायाचा अंगठा वर ओढायची ताकद (कमरेतली एल५ नस), एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं (एस१ नस), रिफ्लेक्स. नव्या रुग्णाला अर्धा तास धरा. दहा मिनिटांत हे उरकलं तर नेमकं यातलंच काहीतरी सुटतं.

बोरिवली_फास्ट: सरळ सगळ्यांचा एमआरआय करा, भानगड मिटली.

गुडघेदुखे: मिटत नाही, वाढते! न दुखणाऱ्या पाठीतही गादी सरकलेली दिसते. मग तो कागद घेऊन माणूस सर्जनच्याच रांगेत. गुडघ्याला उभं राहून काढलेला एक्स-रे बघा, झोपवून काढला तर सांध्यातली झीज कमी दिसते.

लेले_काका: कमरेला पट्टा कोणता चांगला? दादरला स्वस्त मिळतो म्हणे.

बोरिवली_फास्ट: फिजिओंनी 'डॉ.' लावायचं नाही असं केंद्राचं पत्र आलं होतं ना?

माकडहाड: सप्टेंबर २०२५चं. दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. तो वाद इथे नको. औषध फिजिओने लिहायचं नाही, एक्स-रे सर्जनने सही केलेल्या ठरलेल्या नियमांवर, एवढं पक्कं करा. पहिले काही आठवडे प्रत्येक केस संध्याकाळी सर्जनना दाखवा.

परळची_खिडकी: बरं, मंगळवारपासून. फॉर्म मात्र कुणी दिलाच नाही.

सायनकर: तीन आठवड्यांची रांग नव्यांची की फॉलोअपची? फॉलोअपची असेल तर दारातली छाननी तिला हातही लावणार नाही.